विश्वासाला धार नसते, सुरीला असते

“एकमेकांवर विश्वास असला म्हणजे झाले!” दोन जाणत्या माणसांनी राजीखुशीने शस्त्राशी खेळावे की नाही, असा प्रश्न निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येते. मला ते साफ अमान्य आहे. पण ‘नाहीच खेळावे’ म्हणणाऱ्या सोवळ्यांच्या पंक्तीलाही मी बसणार नाही. १८६० च्या दंडसंहितेने कलम ८७ मध्ये अठरा वर्षांवरील माणसाच्या अशा संमतीला मान दिला, आणि दाखला दिला तो करमणुकीखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचा! २०२४ साली अमलात आलेल्या न्याय संहितेच्या कलम २५ मध्येही तेच आहे. मेख पुढेच आहे. मृत्यू किंवा जबर दुखापत संभवते हे ठाऊक असेल, तर ही ढाल चालत नाही. आणि भयापोटी किंवा नशेत भान हरपून दिलेली संमती ही संमतीच नव्हे.

मर्दानी खेळात तळहातावरचे लिंबू कापतात. टाळ्या पट्टा फिरवणाऱ्याला मिळतात. मला मोल वाटते ते हात पुढे करणाऱ्याचे. त्याचा विश्वास सरावावर उभा असतो, गोड बोलण्यावर नव्हे. आखाड्यात असो वा शेजघरात, नियम तोच: दोघे शुद्धीवर, पाते आधी पाहिलेले, मर्यादा आधी ठरलेली, आणि ‘पुरे’ म्हणताच हात थांबलेला. नवराबायकोंनाही यातून सूट नाही; कालचा होकार आज चालत नाही. ज्याला ‘पुरे’ ऐकू येत नाही, त्याच्या हाती कांदा चिरायची सुरीसुद्धा देऊ नये!