बाई, फोनवर लिहिलं तर पोलीस धरतात का?

मुलांनो, हा प्रश्न परवा आमच्या वालूरच्या पाचवीच्या वर्गात आला. विचारणारीच्या ताईला गावातल्या एका अडचणीबद्दल फोनवर चार ओळी लिहायच्या होत्या. घरच्यांनी अडवलं. "नसती बिलामत नको, उद्या पोलीस दारात येतील," असं म्हणाले.

घरच्यांची भीती अगदीच उगाच नाही, बरं का. असं खरोखर घडलेलं आहे, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात.

१७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचं निधन झालं. दुसऱ्या दिवशी मुंबई बंद होती. पालघरच्या एकवीस वर्षांच्या एका मुलीने फेसबुकवर, अशा वेळी सगळं बंद का ठेवायचं, या अर्थाचं काहीतरी लिहिलं. तिच्या मैत्रिणीने तर एक अक्षरही लिहिलं नाही. त्या मजकुराखालचं अंगठ्याचं चित्र दाबलं, एवढंच! पोलिसांनी दोघींनाही अटक केली. पहिलीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. दोघी जामिनावर सुटल्या, पुढे ते प्रकरणही बंद झालं. पण त्या काळात त्यांच्या आईवडिलांवर काय गुदरलं असेल, याचा विचार करा.

त्या वेळी माहिती तंत्रज्ञान कायद्यात '६६ अ' नावाचं एक कलम होतं. संगणकावरून किंवा फोनवरून अतिशय आक्षेपार्ह किंवा त्रासदायक मजकूर पाठवला, तर तीन वर्षांपर्यंत कैद! आता मला सांगा, कोणाला कशाचा त्रास होईल, हे ठरवायचं कोणी? मी फळ्यावर गृहपाठ लिहिला तरी तुम्हाला त्रास होतोच की!

नेमका हाच मुद्दा घेऊन श्रेया सिंघल ही दिल्लीची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. तीही तेव्हा एकवीस वर्षांचीच होती. २४ मार्च २०१५ रोजी न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि न्यायमूर्ती नरिमन यांनी निकाल दिला. कलमातले शब्द इतके मोघम आहेत की त्यात कोणालाही अडकवता येईल, म्हणून ते राज्यघटनेत बसत नाही, असं सांगून त्यांनी ते रद्द केलं. राज्यघटनेच्या कलम १९ ने आपल्याला भाषणाचं आणि विचार मांडण्याचं स्वातंत्र्य दिलं आहे. ते चावडीवर आहे, तसंच फोनवरही आहे. गंमत म्हणा की दुर्दैव, पण रद्द झालेल्या कलमाखाली काही ठिकाणी नंतरही गुन्हे नोंदवले जात होते. त्यामुळे २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं.

म्हणजे वाटेल ते लिहायला मोकळीक? नाही हं! कोणाची खोटी बदनामी करणं, दंगल होईल असं भडकावणं, हे तेव्हाही गुन्हे होते आणि आजही आहेत. वर्गातल्या मुलाचा फोटो त्याला न विचारता टाकून खिदळणं, हे तर मला विचार मांडणं वाटतच नाही. आणि तुमच्यापैकी जे तेरा वर्षांच्या आतले आहेत, त्यांना फेसबुक-इन्स्टाग्रामवर स्वतःचं खातंच काढता येत नाही. वय खोटं टाकून काढलेली खाती मला माहीत आहेत!

पण एवढी कोर्टकचेरी करून हा हक्क राखायचा कशासाठी? सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची गोष्ट ऐका. तेव्हा तिथे फोनवर लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना पैसे साठवायचे होते. कशासाठी? पावसाळ्याआधी झोपडीवर घालायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता. एवढ्या थोड्या पैशांचं खातं बँका उघडेनात. त्या बाईंनी आपलं गाऱ्हाणं चेतना गाला सिन्हा यांना सांगितलं. चेतनाताई म्हणाल्या, मग आपण बायकांचीच बँक काढू. रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला आणि १९९६ मध्ये तो नाकारला गेला. कारण काय, तर अर्ज करणाऱ्या बायका अंगठा उठवणाऱ्या होत्या.

चेतनाताईंना रडू आलं. बायका मात्र म्हणाल्या, रडायचं कशाला, शिकू की! त्या लिहाय-वाचायला बसल्या. काही महिन्यांनी थेट रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. आमच्या लहानपणी शाळाच नव्हती, त्यात आमचा काय दोष, असं त्यांनी विचारलं. पुढे तर कमालच केली. कुठल्याही रकमेचं व्याज आम्हाला काढायला सांगा, आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही सांगा, पण कॅल्क्युलेटर न घेता! परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बँकेत जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, असं बायका बोलल्या, म्हणून बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली. २००८ मध्ये तिथे 'माणदेशी तरंग' हे रेडिओ केंद्रही निघालं. प्लास्टिकच्या कागदाची गरज त्या बाईंनी मनातच ठेवली असती, तर हे कोणाला सुचलं असतं?

आता आपल्या वालूरकडे या. आपली चक्राकार पायऱ्यांची बारव तुम्ही पाहिलीच असेल. गाळ-कचऱ्याने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली. महाराष्ट्रातल्या अशा शेकडो बारवा रोहन काळे यांनी सुरू केलेल्या 'महाराष्ट्र बारव मोहिमे'मुळे नकाशावर आल्या. त्यासाठी साधन कोणतं? तुमच्या घरात आहे तोच फोन! आमच्या गावात बारव आहे, ती अशी पडून आहे, असं कोणीतरी फोटोसकट सांगायचं आणि मग हातात टोपली घ्यायची.

या आठवड्यात एक काम करा. तुमच्या गल्लीतली एकच अडचण निवडा. ती किती दिवसांपासून आहे, कोणाला त्रास होतो, आणि तुमच्या मते काय करता येईल, हे दहा ओळींत लिहा. कोणाला नावं ठेवू नका. घरच्यांना वाचून दाखवा आणि त्यांच्या सहीने ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत द्या. अर्जाच्या दोन प्रती न्या, बरं का. एक तिथे द्यायची, आणि दुसरीवर तारखेसह आवक शिक्का मारून घ्यायचा. ती प्रत जपून ठेवा.