शेडमधली फियाट आणि ‘कधी होणार?’



मागच्या आठवड्यात एका लग्नात तिघींनी मला तोच प्रश्न विचारला. “काय गं, तुमची ती फियाट झाली का?” मी हसून “चाललंय” म्हटलं. पण घरी येताना मनात आलं, या प्रश्नावर एकदा लिहायलाच हवं. कारण तो सगळ्यांत जास्त वेळा मीच विचारलाय, आणि त्यानं जे नुकसान झालं तेही माझ्याच घरात झालं.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, 1986 साली प्रीमियर पद्मिनी घेतली. नाव पद्मिनी, पण मूळ रचना फियाटच्या 1100 गाडीची, म्हणून सगळे फियाटच म्हणायचे. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगलाच गिअरचा दांडा, पुढं बाकासारखी सलग सीट. लग्न होऊन मी सांगलीत आले तेव्हा पहिल्यांदा कुंभोजला बाहुबलीच्या दर्शनाला गेलो ते याच गाडीतून, सातजण आणि तीन डबे कोंबून. पुढं नवी गाडी आली आणि ही मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली.

2018 च्या दिवाळीत ह्यांनी ठरवलं की गाडी पुन्हा उभी करायची. “अक्षय तृतीयेला अण्णांना फिरवून आणतो,” असं सगळ्यांसमोर जाहीरही केलं. यंदाच्या दिवाळीला सात वर्षं होतील.

पहिली चूक उत्साहाची. दोन रविवारांत ह्यांनी गाडी पूर्ण उघडली. दारं, बोनेट, सीटा, डॅशबोर्ड, सगळं बाहेर. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत. कुठल्या डब्यात कुठले, ते डोक्यात. महिन्याभरानं डोक्यातलं गेलं आणि डबे राहिले. मी तेव्हाच म्हणायला हवं होतं की अहो, चिठ्ठ्या लावा. आपण मसाल्याच्या डब्यांना लावतो, तिथं का नको?

मग 2019 चा ऑगस्ट. सांगलीकरणींना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोका पातळी, आणि कृष्णामाई 57 फुटांवर गेली. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, गाडी खाली. पाणी ओसरल्यावर शेडमध्ये वीतभर गाळ, आणि नुकताच रेड ऑक्साइड मारलेला गाडीचा तळ त्यात बुडालेला. या गाडीला वेगळी चासी नसते, पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. तळ गंजला म्हणजे वरवर लांबी भरून भागत नाही, पत्रा कापून नवा जोडावा लागतो. इंजिन जाम झालं. ब्रेकची रबरं कामातून गेली. पुढच्या वर्षी लॉकडाऊन.

त्यानंतर ह्यांचं जे झालं त्याला मी आळस म्हणत होते. रविवारी शेडमध्ये जायचे, ताडपत्री वर करून बघायचे, पुन्हा खाली सोडून चहाला यायचे. दुपारभर चिडचिड. हत्याराला हात नाही, पण गाडीचा विषय काढला तर अंगावर येणार. आणि मी रोज टोमणा मारणार, “कधी होणार? भंगारवाला रोज दारावरून जातो.” एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले. त्या दिवशी हे जेवले नाहीत, आणि अण्णा ऐकू न आल्यासारखं करून उठून गेले. ते मला अजून टोचतं.

आता माझं मत सांगते, पटलं नाही तर भांडा. अशा वेळी लोक म्हणतात, जिद्द ठेवा. मला वाटतं हे उलटं औषध आहे. ह्यांच्याकडं जिद्द कमी नव्हती, जास्त होती. जिद्दीपायीच रात्री अकरापर्यंत शेडमध्ये बल्ब लावून घासत बसायचे, चौविहार मोडायचा, सकाळी दुकानात डोळे मिटायचे. माणूस कामानं जेवढा दमत नाही, तेवढा न संपणाऱ्या कामाच्या विचारानं दमतो. गाडीची चारशे कामं एकदम डोळ्यांसमोर आली की एकही हातात घेता येत नाही.

आपल्याला हे कळायला हवं होतं, कारण आपण बायका लांबलचक कंटाळवाणी कामं पिढ्यान्पिढ्या करतोय. उन्हाळ्याचं वाळवण आठवा. (आपल्याकडं बटाट्याचे पापड नसतात, तरी काम काही कमी नसतं.) “वर्षाचं वाळवण करायचंय” असं म्हणून कोणी गच्चीवर जात नाही. आज शेवया, परवा सांडगे, त्यानंतर उडदाचे पापड. शेजारची एक जण लाटायला येते, आपण तिच्याकडं जातो. ऊन उतरलं की सगळं आत. रात्री पोळपाट घेऊन कोणी बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी हेच शेडमध्ये नेलं. पहिल्यांदा स्वतःचं तोंड आवरलं. “कधी होणार?” हा प्रश्न घरात बंद, मुलालाही बजावलं. त्याऐवजी विचारायचं, “आज काय केलंत?” उत्तर “एक स्क्रू सोडवला” असलं तरी चालेल. मग डबे. तीन दुपारी मी आणि ह्यांनी बसून नटबोल्ट वेगळे केले, पिशव्यांत भरले, वर चिठ्ठ्या. गाडीचं एक पाऊलही पुढं गेलं नाही, पण हे त्या तीन दुपारी शिट्टी वाजवत होते.

मग वेळ ठरली. सूर्यास्ताआधी जेवण, म्हणून साडेपाचला हत्यारं खाली. सुरुवातीला हे कुरकुरले, “आत्ता कुठं हात बसला होता.” तसाच बसलेला हात सोडून उठलं की पुढच्या रविवारी शेडमध्ये जायला कारण राहतं, असा मला अनुभव आला. आणि चातुर्मासात शेड अधिकृतपणे बंद. दमट हवेत रंग नीट धरत नाही हे खरंच आहे, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उघडायची तारीख आधी ठरलेली असते. तारीख लावून थांबणं वेगळं आणि ताडपत्री टाकून तोंड फिरवणं वेगळं.

एका बाबतीत आमचं वाजलं. ह्यांना आधी रंग हवा होता, म्हणजे गाडी गाडीसारखी दिसेल. मी म्हटलं, आधी आवाज ऐकू दे. प्लगच्या भोकांतून डिझेल सोडून आठवडाभर भिजत ठेवलं, मग हातानं फिरवत फिरवत इंजिन सुटलं. कार्ब्युरेटर, पॉइंट, पेट्रोलची नवी नळी. ज्या सकाळी ते धडधडलं त्या सकाळी पत्र्याला भोकं होती, दारं नव्हती, धूर शेडभर. पण अण्णा आतून काठी टेकत स्वतः आले. त्यांना आता दिसतं कमी, वय 84. ते काही बोलले नाहीत, गार्डवर हात ठेवून उभे राहिले. रंग आधी केला असता तर त्यांना तो नीट दिसलाही नसता.

सुटे भाग मात्र अजून मिळतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात 20 वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, पण भंगारबाजारात त्यांचे हँडल, काचा, पाटे शोधणाऱ्याला सापडतात. तुमच्याकडं कुणाच्या डोक्यात असं खूळ शिरलं असेल तर पैसे घालण्याआधी कागद बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनी आणि पुढं दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, ती राहिली असेल तर आधी तेच काम.

आणि सोडून द्यावंसं वाटलं तर? मी ह्यांना एकदा शांतपणे विचारलं होतं, “अण्णांसाठी करताय की अण्णांना दिलेल्या शब्दाच्या भीतीनं?” नुसती भीती असती तर मी स्वतः भंगारवाल्याला हाक मारली असती, त्यात मला कमीपणा वाटला नसता. हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “अगं, मला ती आवडते.” तेवढं मला पुरलं.

मागच्या रविवारी ड्रायव्हरकडचं दार बसलं. अण्णांना खुर्ची घालून दिली होती. त्यांनी दार तीनदा उघडून तीनदा लावलं आणि म्हणाले, “वरची बिजागरी जरा घट्ट आहे.” हे लगेच पाना घेऊन बसले. साडेपाचला मी हाक मारली तेव्हा काम अर्धंच झालं होतं.

आता सीटा राहिल्यात. रेग्झिनच, ते काही विचारायला नको, पण रंगावरून अडलंय. अण्णांना जुना तांबडाच हवाय, मुलाला काळा. तुमचं मत कळवा, पण झाली का ते विचारू नका.