बिनतारी संचाची किंमत आणि मोल

सागरी, नागरी आणि डोंगरी अशी पालघर जिल्ह्याची ओळख १ ऑगस्ट २०१४ रोजी तो अस्तित्वात आल्यापासून सांगितली जाते. या त्रिविध भूगोलाची एक अडचण मात्र क्वचितच बोलली जाते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यात निरोप पोचविण्याची चिंता सहसा पडत नाही. परंतु जव्हार-मोखाड्याच्या दऱ्याखोऱ्यांत आणि डहाणू-तलासरीच्या आतल्या पाड्यांवर भ्रमणध्वनी पुष्कळदा मुका होतो. शिवाय ज्या दिवशी निरोपाची निकड सर्वांत अधिक, नेमक्या त्याच दिवशी तो इतरत्रही मुका होण्याचा संभव असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने या किनारपट्टीचा वीजपुरवठा विस्कळीत केला. मनोऱ्याला वीज लागते आणि त्याची राखीव बॅटरी फार काळ साथ देत नाही. अशा वेळी वणवा विझविणारी वनसमिती, पुरात धावून जाणारे तरुण किंवा गडावर मुलांना नेणारे मंडळ यांना आधार उरतो तो मनोऱ्यावाचून चालणाऱ्या वॉकी-टॉकीचा.

कोणता संच घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता खिशाचा आहे. वस्तुतः तो तेवढाच नाही. भारतात बिनतारी संच वापरण्यास साधारणपणे परवाना लागतो. त्याला असलेला एक महत्त्वाचा अपवाद म्हणजे २०१८ च्या नियमांनी मोकळा केलेला ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा पट्टा. या पट्ट्यातील अल्पशक्तीच्या संचांना परवाना लागत नाही. मात्र त्या नमुन्याला दूरसंचार विभागाची मान्यता असावी लागते. सामान्य ग्राहकाला हे ठाऊक नसते आणि विक्रेता ते सांगत नाही. विक्रेत्यांच्या या मौनाची दखल घेऊन केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये अनेक ऑनलाइन विक्रीमंचांना नोटिसा दिल्या आणि अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ती आवश्यकच होती.

कायदा विनाकारण जाचक आहे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो पालघरच्या किनाऱ्यावर उभे राहून तपासून पाहावा. सातपाटी, मुरबे, दांडी, डहाणू येथील मच्छीमार नौकांनी संकटसमयी हाक द्यावयाची ती सागरी सेवेच्या १६ व्या वाहिनीवर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर. स्वस्तात मिळणारे कित्येक परदेशी संच १३६ ते १७४ मेगाहर्ट्झपर्यंत कोठेही बोलू शकतात. केळव्याच्या वाळूवर सहलीस आलेल्या एखाद्या गटाने अजाणता तीच वाहिनी अडविली, तर समुद्रातील हाक कोणाच्याही कानी पडणार नाही. त्या संचाची किंमत सहलीच्या गटाने मोजली, पण तिचा खरा भार पडला तो तांडेलावर. एकाच्या व्यवहाराचा खर्च असा तिसऱ्याच्या माथी पडतो, तेव्हा अर्थशास्त्र त्याला स्वस्त व्यवहार म्हणत नाही.

मान्यताप्राप्त संचातही ग्राहकाने जाहिरातीला भुलू नये. खोक्यावर छापलेले आठ-दहा किलोमीटरचे अंतर हे दोन मोकळ्या शिखरांमधले असते. दाट झाडीत आणि डोंगराच्या आडोशाला हाच संच जेमतेम किलोमीटरभर साथ देतो, कधी तेवढीही देत नाही. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. म्हणून शक्तीपेक्षा उंचीला महत्त्व अधिक. काळदुर्गाच्या किंवा अशेरीच्या माथ्यावर एक माणूस बसवून त्याच्याकडून निरोप पुढे देण्याची व्यवस्था केली, तर जे काम महागडा संच करू शकत नाही ते साधा संच करतो.

उरलेले निकष गरजेतून ठरतात. जेथे विजेचा भरवसा नाही तेथे बाजारातील पेन्सिल सेलवरही चालणारा संच श्रेयस्कर. कोकणच्या पावसाळ्यात पाण्यापासून बचाव ही चैन नव्हे. गटातील सर्व संच एकाच नमुन्याचे असावेत, म्हणजे सेल, चार्जर आणि सवयी सामाईक राहतात. दहा जणांना दहा तकलादू संच देण्यापेक्षा चार टिकाऊ संच घेऊन दोघा-तिघांत एक वाटणे शहाणपणाचे. विक्रेते ज्याला गुप्तता-सांकेतांक म्हणतात, त्याने बोलणे गुप्त राहत नाही. इतरांचे बोलणे आपल्या कानी पडत नाही, एवढेच. तारापूरच्या रसायन कारखान्यांत तर साधा संच ज्वलनशील वाफांच्या जागी नेऊच नये. तेथे ठिणगी न पडण्याची हमी असलेला, त्यासाठी प्रमाणित केलेलाच संच हवा. तेथे काटकसर करणे म्हणजे कामगारांच्या जिवाशी खेळणे होय.

यंत्राइतकीच शिस्त महत्त्वाची आहे. एप्रिल २०२० मध्ये गडचिंचले येथे अफवेने किती भीषण अनर्थ घडविला, याचा विसर या जिल्ह्याला पडता कामा नये. संच खरा निरोप जितक्या वेगाने नेतो तितक्याच वेगाने खोटाही नेतो. म्हणून कोणी बोलावे, काय बोलावे आणि ऐकलेली गोष्ट पडताळल्यावाचून पुढे देऊ नये, हे नियम खरेदीपूर्वीच ठरले पाहिजेत.

तथापि, हा सगळा विवेक पाड्यावरच्या माणसाने एकट्याने करावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तारापूर अणुऊर्जा केंद्राभोवती आपत्ती-नियोजनासाठी १६ किलोमीटरचा टापू धरला जातो. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसराने भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सोसली आहे. अशा जिल्ह्यात ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन मान्यताप्राप्त संचांची घाऊक खरेदी करावी आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने निवडीपासून प्रशिक्षणापर्यंत त्यांना साह्य करावे, हाच रास्त मार्ग होय. जेथे अल्पशक्तीचा संच खरोखर पुरा पडत नाही, तेथे परवान्याची वाट गावाला चालता येईल इतकी सोपी केली पाहिजे. अन्यथा गरजू माणूस बेकायदा संच घेईल आणि सेवाभावाने धावून जाणारा तरुणच एके दिवशी आरोपी ठरेल. तसे झाले, तर त्याचा दोष केवळ त्या तरुणाचा म्हणता येणार नाही.