फुंकर मारून झोप कळत नाही



गाडीवर जाणाऱ्या लोको पायलटला लॉबीत ड्यूटीवर रुजू होताना यंत्रात फुंकावे लागते. दारू प्यालेला असेल तर यंत्र सांगते. हे योग्यच आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र तो किती तास झोपून आला, हे ते यंत्र सांगत नाही.

1997 साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी दाखवून दिले की, सलग 17 तास जागलेल्या माणसाचे हात आणि नजर यांचा मेळ रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असल्याइतका बिघडतो. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03 टक्के आहे. आता हिशेब करा. सकाळी सातला उठलेला माणूस दिवसा डुलकी न मिळता रात्री दहाला कामावर आला, तर मध्यरात्रीच त्याचे 17 तास भरतात. खरी रात्र त्यापुढेच. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास डोळे सर्वांत जड होतात, मग तो पॅनेलवरचा स्टेशन मास्तर असो, आर.एम.एस.मधला सॉर्टर असो की गार्ड. (गार्डला 2022 पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात. नाव बदलले, रात्र तीच.)

दिवसा झोपून भरपाई होतेच की, असे साहेब म्हणतात. प्रौढ माणसाला निदान सात तास झोप हवी. पण दिवसाच्या उजेडात शरीर जागे राहू पाहते, त्यात क्वार्टरमध्ये नळाची वेळ आणि मुलांची शाळा. चार-पाच तास मिळाले तरी नशीब! काही बांधव त्यावर घोटभर घेतात. दारूने डोळा लवकर लागतो, पण नंतरची झोप तुटत राहते आणि घोरणेही वाढते.

रनिंग रूममध्ये घोरणाऱ्याची थट्टा होते. पण काहींचा श्वास घोरता घोरता दहा-दहा सेकंद, कधी त्याहून जास्त थांबतो, मग दचकून सुरू होतो. रात्रभर हेच चालते. सकाळी डोके जड, दिवसभर पेंग आणि रक्तदाब चढलेला. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. वजन उतरवून, झोपताना हवेच्या दाबाचा मास्क लावून तो आटोक्यात येतो. तरीही आपले लोक डॉक्टरांना सांगत नाहीत. मेडिकलमध्ये वर्ग उतरला तर मायलेज जाईल ही भीती असते, आणि ती खोटी नाही. म्हणून उपचार चालू असेपर्यंत पूर्ण कमाईची आणि तब्येत सुधारल्यावर मूळ कामाची लेखी हमी मिळाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रात्रीचा तास जड असतो हे सरकारनेच मान्य केले आहे. रात्रपाळी भत्त्यासाठी दर तासाला 10 मिनिटे वाढीव धरतात, म्हणजे आठ तासांना 80 मिनिटे. ती पैशात मिळतात, आणि 2020 च्या आदेशाने 43,600 रुपयांहून अधिक मूळ वेतन असणाऱ्यांना तेही नाकारले. जणू पगार वाढला की जागरण बाधत नाही! ही 80 मिनिटे विश्रांतीच्या रूपाने मागावीत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1990 चा 171 क्रमांकाचा करार रात्रपाळीच्या कामगाराला मागताच मोफत आरोग्य तपासणीचा हक्क देतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

शाखेच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा. येताना घरच्यांना विचारून या की, झोपेत आपला श्वास अडकतो का. ते ज्याचे त्याला कळत नाही.