राणीच्या बागेतली बिनतिकिटाची मांजर

परवा राहुरीहून मुंबईला बहिणीकडे गेलो होतो, भाचरांना राणीच्या बागेत नेलं. तिथले पहिले पेंग्विन २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले, त्यांना चोवीस तास थंड हवा लागते. पोरं काचेपुढे पाचेक मिनिटं थांबली. बाहेर आलो तर बाकड्याखाली एक भटकी मांजर पिल्लांना पाजत बसलेली. तिथून मात्र दोघं हलेनात! वर कावळा वेफर्सच्या पाकिटावर टपलेला, तोही त्यांना पेंग्विनपेक्षा भारी वाटला.

हे का सांगतोय? आपल्याच तालुक्यातल्या एका भावाचा फोन आला होता. कृषी पर्यटन सुरू करायचंय, कर्ज काढून इमू आणायचेत म्हणे. भाऊ, थांब जरा. इमूपालनात आपल्या राज्यात किती जणांचे हात पोळले, विसरलास? आणि पोपट, मोर पिंजऱ्यात ठेवशील तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, वनखातं दारात उभं राहील.

तुझ्या गोठ्यात संगमनेरी शेळ्या आहेत ना? आपल्या जिल्ह्यातल्या गावाच्या नावाची जात आहे ती. शहरातल्या पोराला करडू मांडीवर घेऊ दे, कोंबडीखालचं गरम अंडं उचलू दे. खर्च काय? हात धुवायला नळ-साबण, जनावरांचं लसीकरण, आणि मारका बोकड लांब बांधायचा. (बोकडाचं विसरू नको, एक धडक आणि गिऱ्हाईक गेलं!)

कर्जाचा अर्ज महिनाभर राहू दे. आधी रविवारी चार कुटुंबं बोलव, थोडे का होईना पैसे घे, आणि पोरं कुठे किती वेळ रमतात ते घड्याळ लावून बघ.