सशर्त माफी

लग्नाच्या वाढदिवसाला फिरणाऱ्या संदेशांत हल्ली एक उपदेश हमखास असतो: जोडीदाराला खरी माफी द्यायची तर झालंगेलं विसरा, आठवत राहिलं तर माफी खोटी. जे आठवतच नाही, त्याची माफी कसली द्यायची? एकाच माणसाचा राग, त्याची माया आणि त्याचं औषध संपलंय याची काळजी एकाच संध्याकाळी वाटते, हे संसार केलेल्यांना काय सांगायचं!

आपला कायदा याहून शहाणा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ म्हणतं की, जी क्रूरता तुम्ही माफ केलीत, तिच्या आधारे घटस्फोट मागता येणार नाही. पुण्याच्या न्यायालयातून वर गेलेल्या एका खटल्यात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने पत्नीची क्रूरता मान्य केली. पण पतीने ती माफ करून संसार चालू ठेवला होता, म्हणून त्याची मागणी फेटाळली. न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड यांनी एक भेदही सांगितला: ही माफी राष्ट्रपतींच्या माफीसारखी गुन्हा कायमचा पुसत नाही, ती सशर्त असते. पुन्हा तसं वागलात, तर जुनं प्रकरण जिवंत होतं.

कुणी म्हणेल, ही कसली माफी, ही तर धमकी! पण त्या निकालात पेच पडला तो माफ करणाऱ्यालाच. आठवण ठेवायला त्याला मुभा आहे, नव्या आगळिकीवाचून जुनी थकबाकी वसूल करायला नाही. रोजच्या भांडणात नेमकी हीच वसुली चालते, आणि विसरण्याचा उपदेश करणारे तिच्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

माझी हरकत वेगळीच आहे. माफी झाली, हे न्यायालय ओळखतं कशावरून? मुख्यतः दोघांच्या सहवासावरून, शरीरसंबंधांवरून. पण जिला स्वतःची कमाई नाही आणि माहेरचं दार बंद आहे, ती त्याच घरात, त्याच खोलीत राहते. तिने माफ केलं की नुसतं सोसलं, हे खोली कशी सांगणार? तिथे न्यायालयाने सहवास मोजण्याआधी निदान एवढं विचारावं, की बाईला निघून जाता आलं असतं का?