'रिकाम्या विवरातील वारा' : उलटलेल्या अर्थाचा प्रश्न

कँटनीज भाषेत 'हुङ् युत् लोइ फुङ्' असा चार अक्षरी वाक्प्रचार आहे. शब्दशः अर्थ : रिकामे विवर, येतो वारा. विवर आहे म्हणूनच वारा शिरतो. तद्वतच लोकवार्तेलाही काही कारण असते, हा त्याचा परंपरागत अर्थ. आज मात्र हाँगकाँगच्या वृत्तपत्रांत तो पुष्कळदा नेमक्या उलट, 'निराधार वार्ता' या अर्थाने योजला जातो. एखाद्या अधिकाऱ्याने अफवेचे खंडन करताना हे शब्द वापरले, तर जुन्या वळणाच्या श्रोत्याला ती कबुलीच वाटावी!

या अर्थांतराला केवळ अज्ञान म्हणणे मला मान्य नाही. 'हुङ्' म्हणजे रिकामे. 'हुङ् थाम' म्हणजे पोकळ चर्चा. अशा शब्दांच्या सहवासात 'रिकामे'चा 'बिनबुडाचे' होणे भाषेच्या स्वभावाला धरूनच आहे. आपल्याकडे 'अपरोक्ष'चे हेच झाले. संस्कृतात तो 'प्रत्यक्ष'. मराठीत 'माझ्या अपरोक्ष' म्हणजे माझ्या पाठीमागे. मुख्य भूमीवरील प्रमाण चिनी कोशानेही नव्या अर्थाची नोंद घेतली आहे, ते योग्यच झाले.

परंतु कोशात नोंद झाली म्हणजे अध्यापकाची जबाबदारी संपली, असे मानणाऱ्यांशी माझा मतभेद आहे. हा वाक्प्रचार इ.स.पू. तिसऱ्या शतकातील छू राज्याचा कवी सुङ् यू याच्या नावावरील वाऱ्याविषयीच्या 'फू' रचनेतून आला. तेथे राजा सुखद वाऱ्याने प्रसन्न होऊन विचारतो, हा वारा मी प्रजेसह उपभोगतो ना? कवी म्हणतो, नाही. हा केवळ महाराजांचा. वाकड्या फांद्यांत घरटे होते, रिकाम्या विवरात वारा येतो. जसा आश्रय, तसा वाऱ्याचा गुण. प्रासादातील वारा शीतल व आरोग्यदायी, तर गल्लीबोळांतील धूळ, दुर्गंधी आणि रोग घेऊन येणारा. स्तुतीच्या आवरणाखालील हा उपरोध सर्वस्वी कार्यकारणाच्या त्या एका विधानावर उभा आहे. तेथे 'निराधार' हा अर्थ घातला की कवीचा युक्तिवादच कोसळतो आणि राजाला दिलेली कानपिचकी नाहीशी होते.

कँटनीजने 'युत्'मधील प्राचीन अंत्य 'त्' आजवर जपला. उत्तरेकडील प्रमाण बोलीने तो केव्हाच गमावला. ध्वनी टिकला आणि अर्थ निसटला, हा विरोधाभास लक्षणीय आहे. विद्यार्थ्याने निबंधात नवा अर्थ योजला तर त्याचे गुण कापू नयेत. मात्र सुङ् यू वाचताना त्याने तोच अर्थ लावला, तर ती चूक त्याला दाखवलीच पाहिजे. 'अपरोक्षानुभूती' हे ग्रंथनाम 'पाठीमागचा अनुभव' असे समजणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यालाही आपण तसे जाऊ देत नाही.